दिवस कधी भरणार? बाळंतपणाची तारीख घरी कशी काढायची, आठवडे कसे मोजायचे

गावात कुणाला दिवस गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितवा महिना?" उत्तरही ठरलेलं, "पाचवा लागलाय", "सातवा सरत आला". घरच्या बोलण्याला एवढं पुरतं. पण अवेळी पोटात कळा सुरू झाल्या आणि रात्री ग्रामीण रुग्णालय गाठावं लागलं, तर तिथे पहिला प्रश्न वेगळा असतो, "किती आठवडे झाले?"

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे उपचार ठरतात. ३३ आठवड्यांना कळा आल्या तर बाळंतपण लांबवायचा आणि बाळाच्या फुप्फुसांना बळ द्यायचा प्रयत्न होतो. ३८ आठवड्यांना त्याच कळा आल्या तर बाळंतपणाची तयारी सुरू होते. ४१ आठवडे उलटूनही कळा नसतील तर घरी वाट बघत बसणं धोक्याचं असतं. तारीखच चुकीची असेल तर हे तिन्ही निर्णय चुकू शकतात.

म्हणून ही तारीख कशी काढायची, ती किती पक्की असते आणि तिच्या आधारे कोणत्या आठवड्यात काय करायचं, ते समजून घेऊ.

मोजणी कुठून सुरू होते?

शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तो पहिला दिवस. पाळी संपली तो दिवस नाही, चुकली तो दिवसही नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर 'शेवटच्या पाळीचा पहिला दिवस' म्हणून जागा असते. डॉक्टर आणि नर्स त्याला एल.एम.पी. म्हणतात. त्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. तिला ई.डी.डी. म्हणतात.

खरं तर त्या पहिल्या दिवशी गर्भ राहिलेला नसतो. महिन्याला पाळी येणाऱ्या बाईला गर्भ साधारण दोन आठवड्यांनी राहतो. पण तो नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा सांगता येत नाही आणि पाळीची तारीख मात्र सांगता येते. म्हणून जगभर मोजणी पाळीपासून करतात.

ही गोष्ट घरच्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवी, विशेषतः नव्या लग्नाच्या घरात. समजा लग्न १० मे रोजी झालं आणि मुलीची शेवटची पाळी २८ एप्रिलला आली होती. २० जूनला सोनोग्राफी केली. लग्नाला सहा आठवडेही पूर्ण झालेले नाहीत आणि रिपोर्टवर मात्र साडेसात आठवडे लिहिलेलं येतं. इथे कुणाचीही चूक नाही. वरचे दिवस लग्नाआधीच्या पाळीपासून मोजलेले आहेत. एवढ्या आकड्यावरून सुनेवर संशय घेणं म्हणजे मोजणी न कळल्याचं लक्षण आहे.

तारीख काढायची सोपी रीत

जर्मनीतले प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. दोनशे वर्षं होत आली, तरी आजही तीच वापरतात. कागद-पेन घ्या:

१. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहा.
२. त्यातून तीन महिने मागे जा.
३. सात दिवस मिळवा. ती पुढच्या वर्षीची तारीख धरा.

उदाहरण: शेवटची पाळी १२ ऑगस्ट २०२५. तीन महिने मागे गेलं की १२ मे. सात दिवस मिळवले की १९ मे. म्हणजे अंदाजे तारीख १९ मे २०२६.

दुसरं उदाहरण: पाळी २७ नोव्हेंबर. तीन महिने मागे २७ ऑगस्ट, सात दिवस पुढे ३ सप्टेंबर.

पाळी जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चमधली असेल तर मागे जाण्याऐवजी नऊ महिने पुढे जा आणि सात दिवस मिळवा. हिशोब तोच आहे. महिने लहान-मोठे असल्याने एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो, त्याने काही बिघडत नाही.

ही रीत २८ दिवसांनी पाळी येणाऱ्यांसाठी आहे. कुणाला नेहमी ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर गर्भही साधारण आठवडाभर उशिरा राहतो. तिने तारखेत आणखी सात दिवस मिळवावेत. मोबाईलमधले ॲपही हाच हिशोब करतात, पण पाळी किती दिवसांनी येते ते खरं भरलं तरच उत्तर बरोबर येतं.

'नऊ महिने नऊ दिवस' बरोबर की चूक?

आजीबाईंचा हिशोब फार लांबचा नाही. इंग्रजी महिन्यांनी नऊ महिने नऊ दिवस धरले तर २८२-२८३ दिवस होतात, म्हणजे डॉक्टरांच्या तारखेपेक्षा दोन-तीन दिवस जास्त. तिथीने धरले तर चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने साधारण २७५ दिवस होतात, म्हणजे पाच दिवस कमी.

गडबड होते ती अधिक महिन्यात. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. मराठी महिन्यांची नुसती नावं मोजत गेलं तर अशा वर्षी हिशोब एका महिन्याने हुकतो. एक महिना म्हणजे चार आठवडे. बाळंतपणात हा फार मोठा फरक आहे. म्हणून पाळी सणावरून आठवत असली, तरी मोजणी कॅलेंडरच्या तारखेनेच करा.

सणावरून आठवणं मात्र कामाचं आहे. "नागपंचमीच्या दोन दिवस आधी" एवढं आठवलं तरी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. २०२५ ची नागपंचमी २९ जुलैला होती, म्हणजे पाळी २७ जुलैची. बाजाराचा वार, कुणाचं लग्न, पेरणी, खुरपणी, गावची जत्रा, यातलं काहीही आठवलं तरी आशाताई त्यावरून तारीख शोधून देते. अंदाजाने "महिन्याच्या सुरुवातीला" असं सांगून मोकळं होऊ नका.

पाळीचा भरवसा नसेल तेव्हा

काही वेळा पाळीवरून काढलेली तारीख खात्रीची नसते. पाळी अनियमित असेल, आधीचं बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, गोळ्या किंवा अंतरा इंजेक्शन थांबवल्यावर लगेच दिवस राहिले असतील, तर हिशोब चुकतो. कधी गर्भ राहिल्यावरही थोडा डाग जातो आणि तीच पाळी धरली जाते. मग तारीख महिनाभर पुढे जाते.

अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाच उपाय. त्या काळात बाळ डोक्यापासून बुडापर्यंत किती लांब आहे ते मोजतात. सगळी बाळं तेव्हा जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, म्हणून तारीख पाच-सात दिवसांच्या आत बरोबर येते. पुढे काही बाळं अंगाने मोठी होतात, काही बारीक राहतात. सातव्या महिन्यानंतरच्या सोनोग्राफीत तारीख तीन आठवड्यांपर्यंत पुढेमागे होऊ शकते.

यातूनच घरोघरी एक गोंधळ होतो. चार सोनोग्राफ्या झाल्या की चार रिपोर्टवर चार तारखा, आणि घरचे शेवटची तारीख धरून बसतात. तसं करू नका. पहिल्या तीन महिन्यांत पाळी आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी जी तारीख ठरवली, ती शेवटपर्यंत धरायची. नंतरच्या रिपोर्टवर तारीख पुढे गेलेली दिसली तर त्याचा अर्थ बाळाची वाढ कमी आहे असाही असू शकतो. "तारीख पुढे गेली, अजून वेळ आहे" असं म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना विचारा.

सोनोग्राफी बाळाची वाढ, वार, पाणी आणि व्यंग पाहण्यासाठी असते. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

महिना की आठवडा?

"सातवा लागला" म्हणजे सहा महिने पूर्ण होऊन सातवा सुरू झाला, साधारण २६ आठवडे. "सातवा भरला" म्हणजे साधारण ३० आठवडे. बोलताना दोन्हींना "सातवा महिना" म्हणतात, आणि मधे चार आठवड्यांचं अंतर असतं. म्हणून दवाखान्यात आठवडेच सांगा.

आठवडे मोजणं सोपं आहे. शेवटची पाळी ज्या वारी सुरू झाली, दर आठवड्याला त्या वारी एक आठवडा पूर्ण होतो. १२ ऑगस्ट २०२५ ला मंगळवार होता. मग दर मंगळवारी कॅलेंडरवर एक, दोन, तीन असे आकडे लिहीत जायचे. त्या ताईचं कॅलेंडर असं दिसेल:

• १२ आठवडे: ४ नोव्हेंबर
• २० आठवडे: ३० डिसेंबर
• २८ आठवडे: २४ फेब्रुवारी
• ३४ आठवडे: ७ एप्रिल
• ३७ आठवडे: २८ एप्रिल
• ४० आठवडे: १९ मे
• ४१ आठवडे: २६ मे

पहिले तीन महिने (१२ आठवड्यांपर्यंत)

पाळी आठवडाभर चुकली की आशाताईकडून तपासणीचं किट घ्या. साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात बाळाचे ठोके सोनोग्राफीत दिसू लागतात. बाळाचे मुख्य अवयव याच काळात घडतात, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आताच सुरू व्हायला हवी. मळमळ, उलटी, थकवा हे चालायचंच. पण पाणीही पोटात ठरत नसेल, रक्त जात असेल किंवा एका बाजूला जोरात दुखत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

"तीन महिने कुणाला सांगायचं नाही" ही रीत अनेक घरांत आहे. शेजारीपाजारी नका सांगू, पण आशाताईला आणि नर्सताईला सांगाच. १२ आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की तारीख पक्की होते, रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन यांची नोंद होते. धनुर्वाताचं टीडी इंजेक्शनही सुरू होतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात, आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६ हजार. त्या अर्जातही शेवटच्या पाळीची तारीख लागते.

मधले तीन महिने (१३ ते २७ आठवडे)

मळमळ कमी होते, भूक लागते. लोहाची लाल गोळी रोज एक, अशा १८० गोळ्या घ्यायच्या असतात. सोबत कॅल्शियम. दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. शौचास काळं होणं घाबरण्यासारखं नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, ७ च्या खाली असेल तर गंभीर, मोठ्या दवाखान्यात जायलाच हवं.

१८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळातलं व्यंग पाहणारी सोनोग्राफी होते. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण याच वेळी कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. ज्या दिवशी पहिल्यांदा कळली तो दिवसही लिहून ठेवा, तारखेचा ताळा करायला उपयोगी पडतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भपिशवी बेंबीपर्यंत येते. नर्सताई पोटावर हात ठेवून आणि टेपने मोजून बाळ दिवसांच्या मानाने वाढतंय का ते बघते. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी परत करून घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढे तिचा फायदा घ्या.

शेवटचे तीन महिने (२८ आठवड्यांपासून)

आता बाळाची हालचाल हाच रोजचा निरोप. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडा आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ शांत वाटलं, तर त्याच दिवशी दाखवा. "उद्या बघू" म्हणू नका.

या काळात रक्तदाबावर लक्ष हवं. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, चेहऱ्यावर-हातावर सूज, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, यातलं काहीही असेल तर थेट दवाखाना. झटके येण्याआधीची ही लक्षणं असू शकतात.

"सातव्यातलं बाळ वाचतं, आठव्यातलं वाचत नाही" असं अनेक ठिकाणी म्हणतात. हे खरं नाही. बाळ पोटात जितके जास्त आठवडे राहतं, तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते, ३७ आठवडे भरेपर्यंत एकेक आठवडा मोलाचा असतो. आठव्या महिन्यात कळा आल्या म्हणून आशा सोडायचं काहीच कारण नाही. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर डॉक्टर आईला असं इंजेक्शन देऊ शकतात, ज्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ते द्यायचं की नाही हे आठवड्यांवरून ठरतं. तारीख माहीत नसेल तर हा मौल्यवान वेळ हिशोबातच जातो.

तारीख म्हणजे त्याच दिवशी बाळंतपण नाही

शंभरातल्या जेमतेम चार-पाच बायकाच दिलेल्या तारखेला बाळंत होतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढे कधीही बाळंतपण होऊ शकतं. वरच्या उदाहरणातल्या ताईने २८ एप्रिलपासूनच तयार असायला हवं, १९ मेची वाट बघत नाही.

म्हणजे ३६ आठवडे झाले की पिशवी भरून ठेवा: कार्ड, आधार, बँक पासबुक, सगळे रिपोर्ट, सुती कपडे. रक्तगटाचा कुणी नात्यात-गावात आहे का ते बघा. कोणत्या दवाखान्यात जायचं, रात्री गाडी कुणाची, मोठी मुलं कुणाकडे राहतील, हे आधी ठरवा. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये हवेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर तिथल्या आशाताईला आधी कळवा.

तारीख उलटली तर? दोन-चार दिवस पुढे जाणं नेहमीचं आहे, पण त्या दिवसापासून डॉक्टरांच्या नजरेखाली राहा. ४१ आठवड्यांनंतर वार थकू लागते, पोटातलं पाणी कमी होऊ शकतं आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणण्याचा सल्ला देते. "मुलगा असला की दिवस जास्त घेतो" असलं ऐकून घरी थांबू नका.

तोडणीला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडची किती तरी जोडपी दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. वरचं उदाहरण परत बघा. १२ ऑगस्टची पाळी असलेली ताई २१ ऑक्टोबर २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला १० आठवड्यांची होती. परत येईपर्यंत आठवा महिना सरत आलेला असेल. म्हणजे जवळजवळ सगळं गरोदरपण फडात आणि कोपीवर. उचल घेतलेली असते, खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून तपासणी राहते आणि तारीखही विसरते.

टोळीसोबत निघायच्या आधी तीन कामं करा. गावात नोंदणी करून कार्ड घ्या आणि सोबत न्या. शक्य असेल तर पहिली सोनोग्राफी इथेच करून तारीख पक्की करा. कार्डाच्या पहिल्या पानाचा आणि रिपोर्टचा फोटो काढून नवऱ्याच्या मोबाईलमध्ये ठेवा, गावाकडच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. कार्डावरच्या नोंदणी क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यातही तपासणी होते. जिथे कोप्या पडल्या तिथली आशाताई कोण, जवळचं आरोग्य केंद्र कुठे, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढणं पोटुशीच्या बाईला धोक्याचं आहे, हे मुकादमालाही ठणकावून सांगायला हवं.

घरातल्या पुरुषांनी एवढं करावं

मोबाईल बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात असतो. मग तारीख लक्षात ठेवायचं कामही त्याचं. आजच चार दिवस मोबाईलमध्ये टाकून ठेवा: १२ आठवडे, २८ आठवडे, ३७ आठवडे आणि ४१ आठवडे. प्रत्येक दिवसाला गजर लावा.

आणि ज्यांना अजून दिवस गेलेले नाहीत, त्यांनीही दर महिन्याला पाळी आली की कॅलेंडरवर त्या तारखेला एक खूण करायची सवय लावावी. पेनाची ती एक खूण पुढे नऊ महिने उपयोगी पडते.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. रक्त किंवा पाणी जात असेल, ताप, झटके, जोराची डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा.)